उन्हाचे वाटेकरी

आमच्या मोठ्या जाऊबाई, दमयंतीताई, एसटीत कंडक्टर होत्या. रत्नागिरी डेपोला. रिटायर होऊन घरी बसल्या असं लोक म्हणतात, पण बसतात कुठे? सकाळी अख्ख्या वाडीला 'चला, पुढे सरका' केल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. वाडी त्यांना पाठीमागे कंडक्टरीण म्हणते. तोंडावर म्हणायची कोणाची टाप नाही. मी हेमा, त्यांची धाकटी जाऊ. हातखंब्याच्या तिठ्यावर माझी कोकम सरबताची टपरी आहे, त्यामुळे तोंड माझंही काही कमी चालत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ताईंचं घर वाडीच्या वरच्या टोकाला, कातळाला लागून. आमच्या बाकी घरांवर कौलं, आणि कौलांवर फणस-आंब्याची सावली. ताईंनी मात्र नोकरीत असतानाच स्लॅब टाकला. तेव्हा वाडी काय हसली! राजाभाऊ तर येता-जाता विचारायचे, "काय वहिनी, तवा तापला का?" राजाभाऊ म्हणजे आमच्या वाडीचे मानकरी. शिमग्यात पालखीचा पहिला मान त्यांच्या घराला आणि गावकीत शेवटचा शब्द त्यांचा. शाळेत मास्तर होते. माणूस वाईट नाही हो, पण आपण बोललो की विषय संपला, असं त्यांना मनापासून वाटतं.

मग छपरावर सोलर बसवायचं खूळ सगळीकडे सुरू झालं. सरकार मदत देतं म्हणे, बिल जवळजवळ शून्यावर येतं म्हणे. आमच्याही वाडीत सगळ्यांना हवं झालं. पण बसवायचं कुठे? कौलांवर बसवावं तर वरून वांदर उड्या मारणार, आणि दुपारपर्यंत ऊनच पडत नाही. ऊन हवं तर झाडं तोडा. हापूसची फळ धरती कलमं कोण तोडतंय? म्हणजे फिरून सगळे आले त्या तव्याकडेच. ज्यांनी हसून हसून पोट धरलं होतं, तेच आता ताईंच्या जिन्यावर उभे राहून वर बघायला लागले. मला तर इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

ताईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "छप्पर मोठं आहे, मला एकटीला एवढं ऊन करायचंय काय? सगळ्यांनी मिळून घालूया," म्हणाल्या. मग राजाभाऊंनी ठरवून टाकलं. ताईंच्या मीटरला सोलर जोडायचं, आणि तिथून दगडी कुंपणांच्या गडग्यांवरून घराघरांत वायरी ओढायच्या. कोणाला यात वावगं वाटलं नाही. आम्ही गणपतीत एका घरातून दुसऱ्या घरात वायर ओढतोच. एकाकडे रोषणाई आणि दुसऱ्याकडे काळोख, हे आमच्याकडे बरं दिसत नाही. मांडवाचं काम करणारा रितेश त्याच संध्याकाळी वायरीचं भेंडोळं खांद्यावर टाकून हजर झाला. "काकी, कुठनं सुरवात करू?"

ताई म्हणाल्या, "खाली ठेव ते. बिनतिकिटाचा प्रवास माझ्या गाडीतून होणार नाही. आधी विचारून येऊ."

दुसऱ्या दिवशी मला टपरी बंद करायला लावून त्या मला रत्नागिरीत वीज कंपनीच्या हापिसात घेऊन गेल्या. तिथे या टेबलावरून त्या टेबलावर फिरवलं आम्हाला. एकाने सांगितलं, "असलं काही होत नाही." ताईंनी विचारलं, "होत नाही, का तुम्हाला माहीत नाही?" त्याने पुढच्या टेबलाकडे बोट दाखवलं. शेवटी आतल्या खोलीतल्या इंजिनियर पोरीने बोलावून घेतलं. अक्षया तिचं नाव. तिने आधी वायरीची गोष्ट ऐकली आणि डोक्यालाच हात लावला.

"काकू, तुमच्या मीटरची वीज वायर टाकून दुसऱ्याच्या घरात नेलीत ना, तर तो विजेचा अनधिकृत वापर होतो. दंड तुम्हाला बसेल. आणि पावसात ती वायर तुटून कोणी चिकटलं तर?"

"मग शेजाऱ्याला वीज द्यायचीच नाही का?"

"द्यायची की. पण वायरीने नाही, बिलातून."

तिने नीट समजावलं. स्वतःच्या छपरावर स्वतःपुरतं बसवायचं, तर साधं नेट मीटर. घरात वापरून उरलेली वीज कंपनीच्या लायनीत जाते आणि तेवढी बिलातून वजा होते. एकाच माणसाच्या नावावर दोन-तीन मीटरं असतील, म्हणजे घराचं एक, दुसऱ्या घराचं एक, तर एका जागची वीज त्याच्याच दुसऱ्या मीटरांवर वळती करता येते. आणि आमच्यासारखं, छप्पर एकाचं आणि वाटेकरी वेगवेगळ्या नावांचे, त्याला म्हणतात व्हर्च्युअल नेट मीटरिंग. पॅनेल ताईंच्या स्लॅबवर, वीज सगळी कंपनीच्या लायनीत, आणि जितकी युनिटं तयार होतील त्यांचे वाटे ज्याच्या त्याच्या बिलात. गडग्यावरून एक वायर न्यायला नको.

"आपण विहिरीचं पाणी वाटून घेतो तसंच की," मी म्हणाले.

"हो, फक्त इथे कळशी न्यायची नाही. विहिरीत कोणाचं किती ते आधी लिहून द्यायचं," अक्षया म्हणाली. "सगळ्यांचा एक करार लागतो. त्यात प्रत्येकाचं नाव, ग्राहक क्रमांक, कोणाला किती टक्के, आणि सगळ्यांच्या सह्या. कोणाची थकबाकी नको. पुढे टक्के बदलायचे झाले तर नियमाप्रमाणे कळवून बदलता येतात. नियमही मधून मधून बदलतात, म्हणून अर्ज द्यायच्या आधी मला एकदा दाखवा."

"आणि नावं कुठल्या क्रमाने?" ताईंनी विचारलं. वाडी त्यांना पुरती माहीत!

"कुठल्याही. कंपनीला काय त्याचं?"

येताना एसटीत ताई एवढ्या खुशीत होत्या, की त्यांनी त्या पोरगेल्या कंडक्टरलाही चार गोष्टी शिकवल्या. मला मात्र नावांच्या क्रमाची धास्ती होती, आणि ती खरी झाली. राजाभाऊंनी दोन दिवसांत यादी करून आणली. वर त्यांचं नाव, मग पालखी ज्या क्रमाने फिरते त्या क्रमाने बाकीची घरं. टक्केसुद्धा मानाप्रमाणे! पहिल्या मानाच्या घराला जास्त, खालच्याला कमी. राजाभाऊंच्या चुलतभावाचं घर दुसऱ्या मानाचं, म्हणून त्याला भरघोस वाटा. आता ते घर वर्षभर कुलपात. माणसं गणपतीला आणि शिमग्याला येतात. त्या घरात वीज कोण वापरणार, घुशी? मी हसले, तर आमचे हे मला डोळ्यांनी दटावायला लागले. आमचे हे म्हणजे संदेश, ताईंचे धाकटे दीर, ज्यांनी गावकीपुढे आजवर तोंड उघडलेलं मी पाहिलेलं नाही.

ताई मात्र हसल्या नाहीत. यादीवरून बोट फिरवत खाली आल्या आणि विचारलं, "गोदा कुठाय?"

राजाभाऊंनी चष्मा पुसायला घेतला.

गोदाचं घर ताईंच्या घराला लागून, मध्ये फक्त एक कंबरेएवढा गडगा. तिची वेदिका मुंबईला नोकरीला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी तिने लग्न केलं. मुलगा चांगला, कमावता, पण आपल्यातला नाही. गावकीने गोदाच्या नवऱ्याला, हरिश्चंद्राला, बोलावून सांगितलं, देवापुढे नारळ ठेव, चूक झाली म्हण, आणि पोरीला पुन्हा वाडीत आणू नको. हरिश्चंद्र म्हणाला, "माझी पोर चुकली नाही, तर मी माफी कशाची मागू?" एवढंच बोलला आणि घरी आला. झालं. त्या दिवसापासून ते घर वाळीत पडलं. कोणी हळदीकुंकवाला बोलवीना. गोदा वाटेत दिसली की बायका पदर सावरून दुसरीकडे बघायच्या. गणपतीत आमच्याकडे सगळी वाडी मिळून घरोघर आरतीला फिरते. ती आरती तिच्या दारावरून पुढे गेली. आत नवरा-बायको दोघंच आरती म्हणत होती, आणि हरिश्चंद्राचा आवाज टाळावाचून कसा भुंडा लागत होता! जल्लं मेलं ते देवपण, असं वाटलं मला त्या दिवशी. ताई आरती सोडून तिच्या दारात गेल्या, तर गोदाच हात जोडून आडवी आली. "वैनी, येऊ नका. आमच्यापायी तुमच्यावर यायचं. तुम्ही एकट्या बाईमाणूस." तेव्हापासून जे काय बोलणं ते गडग्यावरून. मी बांगडे दिले तरी गडग्यावरून.

पुढे हरिश्चंद्र मुंबईला लेकीकडे गेला, वॉचमनची नोकरी धरली. गोदा मागे राहिली ती भाताची कापणी उरकायला. ती झाली की दाराला कुलूप लावून तीही जाणार होती. "इथे राहून भिंतींशी बोलू काय?" म्हणायची.

तर त्या दिवशी यादीवर बोट ठेवून ताईंनी विचारलं, "गोदा कुठाय?"

"वहिनी, उगाच विषय वाढवू नका," राजाभाऊ म्हणाले. "तिचं नाव घातलंत तर बाकी कोणी सही करणार नाही. गावकीचं ठरलेलं आहे."

"आणि छप्पर कोणाचं आहे?"

"छप्पर तुमचं. पण उद्या पालखी तुमच्या दारावरूनही पुढे जाईल, तेवढं लक्षात ठेवा."

मला वाटलं, आता ताई भडकणार. त्यांनी यादी घडी करून परत दिली आणि म्हणाल्या, "रविवारी माझ्या खळ्यात सगळ्यांना बोलवा. देवळात नको. करार माझ्या छपराचा आहे."

राजाभाऊ गेल्यावर त्या तरातरा गडग्याशी गेल्या आणि गोदाला हाक मारली. सगळं सांगितलं. मीटर गोदाच्या नावावर होतं, म्हणजे सही तिची लागणार होती. गोदाने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नको वैनी. मी काय आता आठ-पंधरा दिवसांची पाहुणी. बंद घराला वीज कशाला?"

"त्या चुलतभावाच्या बंद घराला चालते, आणि तुझ्याला नको?"

"त्यांचं घर बंद आहे, वैनी. माझं बंद केलंय."

ताई रागावल्या. राग राजाभाऊंवर होता तेवढाच गोदावरही होता, हे मला दिसत होतं. "मग जा," त्या म्हणाल्या. "हे एवढं एक कागदावर यायचं राहिलंय. सगळ्या घरांच्या सह्या आणि तुझं नाव नाही, असा कागद एकदा झाला ना, की तू या वाडीची नव्हतीसच असं होईल. मग दिवाळीला ये नाहीतर म्हातारपणी ये, कोणी ओळख देणार नाही. जायचं तर जा. पण मी तुला हाकललेलं नाही, हे ध्यानात ठेव." आणि वळून घरात आल्या, पदराने तोंड पुसलं, आणि उगाचच पातेली घासत बसल्या.

रविवारी सगळे जमले. घरापुढचं खळं सारवलेलं होतं. राजाभाऊ खुर्चीवर, बाकीचे सतरंजीवर. रितेश, आमचे हे, आणखी पाच-सहा घरांतले बाप्ये, आणि भिंतीला टेकून सोनूबाई. सोनूबाई वाडीतली सगळ्यात म्हातारी, तिच्या घराचा मान सगळ्यात शेवटचा. अक्षयानेच तपासून दिलेला कराराचा नमुना ताईंनी मधोमध ठेवला, वर पेन. पलीकडे गडग्यामागे गोदा भात पाखडत होती. सुपाचा आवाज येत होता, म्हणजे तिलाही सगळं ऐकू जात असणार.

ताईंनी आधी सगळ्यांना समजावलं, वायर का नाही, वाटे कसे, टक्के कसे. मानाप्रमाणे टक्के कशाला, ज्याचा जेवढा वापर तेवढा वाटा धरूया म्हणाल्या. त्यावर थोडी कुरकुर झाली, पण घुशींचं मी पुन्हा बोलले तेव्हा रितेश फसकन हसला आणि तो विषय निकालात निघाला. राजाभाऊही म्हणाले, "बरं, ते चालेल."

"आता नावं," ताई म्हणाल्या. "सगळी घरं लिहिली आहेत. एक सोडून."

"तेच बरं," राजाभाऊ म्हणाले.

"हो, पण मी रिकामी जागा ठेवणार नाही. एक कलम घातलंय." आणि ताईंनी कागद उचलून, थांब्याची नावं पुकारावीत तशा खणखणीत आवाजात वाचलं. "सौ. गोदा हरिश्चंद्र यांचं घर याच वाडीत असून, त्यांच्या मुलीने स्वतःच्या मर्जीने लग्न केल्यामुळे गावकीने त्यांना वाळीत टाकलं आहे, म्हणून त्यांना वाटा दिलेला नाही. खाली सह्या."

सूप थांबलं.

"हे काय वहिनी!" राजाभाऊ उठून उभे राहिले. "असं कोणी लिहितं का?"

"का नाही? ठरलंय ना? मग लिहूया. करारात खरं लिहायचं असतं, तुम्हीच मुलांना शिकवलंत."

"ते तोंडी आहे. गावकीच्या गोष्टी कागदावर नसतात."

"नसतातच. कारण कागदावर आल्या की तो गुन्हा होतो. बहिष्कार टाकणाऱ्याला तुरुंगात घालायचा कायदा आहे महाराष्ट्रात, तुम्हाला माहीत आहे आणि मलाही आहे. हे घ्या पेन. पहिला मान तुमचा."

हात पुढे केलेला तसाच. राजाभाऊ पेनाकडे बघत होते, जसं काही ते चावणार होतं. आमचे हे जमिनीकडे. रितेश मोबाइलकडे. मला इतकी तिडीक आली, वाटलं एकेकाला हलवावं गदागदा.

"नसेल करायची सही," ताई म्हणाल्या, "तर हे कलम फाडते आणि गोदाचं नाव घालते. दोन्हीपैकी एक करा. तिसरं माझ्या छपरावर होणार नाही. पालखीची भीती मला घालू नका. माझी गाडी माणसं घेऊन जायची, देव घेऊन नाही, आणि मी कोणाला थांब्यावर टाकून कधी घंटी मारली नाही."

"वहिनी, तोंड सांभाळा!"

"कलम फाडू नका, वैनी."

आम्ही सगळे वळलो. गोदा गडग्याला ये-जा करायला ठेवलेल्या खिंडीतून आत आली होती. केसांवर भाताचं तूस, हातात सूप तसंच. वर्षभरात ती पहिल्यांदा आमच्या कोणाच्या खळ्यात उभी होती. बाप्ये आपसूक थोडे मागे सरकले. ती थेट राजाभाऊंच्या समोर आली.

"फाडू नका. करू दे त्यांना सही," ती म्हणाली. "राजाभाऊ, माझ्या वेदिकाला तुम्ही बाराखडी शिकवलीत. तिच्या लग्नाचं तुम्हाला वाईट वाटलं असेल तर तसं लिहा. तुमच्या हाताने लिहा. वर्षभर तसं वागताना लाज वाटली नाही, मग लिहायलाच कसली लाज?"

राजाभाऊंनी खुर्चीवरचा पंचा उचलला, खांद्यावर टाकला आणि निघून गेले. दोघे-तिघे त्यांच्यामागे गेले. आमचे हेही उठायला लागले होते. मी त्यांचा सदरा असा गच्च धरला, की शिवण उसवली. "बसा खाली," म्हणाले. बसले.

"मला चष्म्यावाचून दिसत नाही," भिंतीकडून सोनूबाई म्हणाली. "गोदाचं नाव कुठे लिहितेस गो दमयंती? माझं त्याच्या शेजारी लिही. अंगठा कुठे टेकायचा ते दाखव."

ताईंनी ते कलम फाडलं. नवं नाव लिहिताना त्यांचं अक्षर वाकडंतिकडं झालं आणि त्याबद्दल त्या स्वतःवरच चिडल्या. गोदाने सही केली. तिच्या शेजारी सोनूबाईचा अंगठा, मग रितेश, मग आमचे हे, मग मी उगाचच साक्षीदार म्हणून. अर्धी वाडी होती. राजाभाऊंची जागा तशीच कोरी. ताई म्हणाल्या, "ते आले तर उद्याही घालू. नाही आले तर एवढ्यांचं ऊन एवढ्यांना."

"वैनी, पण शिमग्याला तुमच्याकडे..." गोदा म्हणाली.

"तू इथे असशील की मुंबईला, ते सांग आधी."

गोदाने सूप उचललं आणि आली त्या खिंडीतून परत गेली. मला वाटलं, जाते ही, गेली आता. ताई जिन्यावर बसून राहिल्या, कागद मांडीवर. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. उरलेले उठून चपला शोधायला लागले.

तेवढ्यात पलीकडच्या पडवीतून हाक आली. जी बाई वर्षभर गडग्याशी कुजबुजत होती, हात जोडून आडवी येत होती, ती पडवीच्या कठड्याशी उभी राहून अशी ओरडली, की खालच्या टोकाला राजाभाऊंच्या घरापर्यंत आवाज गेला. तिथपर्यंत जावा म्हणूनच ती ओरडली होती.

"वैनी! हेमा! चहा टाकलाय गो! सगळ्यांना घेऊन या, मी कुठे जात नाही!"

ताई उठल्या. मी खिंडीकडे वळले, तर त्यांनी माझा दंड धरला. "तिकडून नाही," म्हणाल्या. आणि आम्ही वाटेवर उतरलो, सोनूबाईला मध्ये धरून, सगळ्यांच्या देखत, तिच्या पुढच्या दाराने आत गेलो.